लघुग्रह अडवता येतो, पण आधी तो दिसला पाहिजे

२०२५च्या फेब्रुवारीत एक आकडा जवळजवळ रोज बदलत होता आणि जगभरच्या बातम्यांत झळकत होता. '२०२४ वायआर४' नावाचा, साधारण ६० मीटरचा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता किती, याचा तो आकडा. जानेवारीच्या अखेरीस तो एक टक्क्याच्या वर गेला, मग दोनच्या वर आणि १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांवर पोचला. आदळलाच तर कुठे, याचाही पट्टा नकाशावर आखलेला होता. पूर्व पॅसिफिकपासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून तो थेट दक्षिण आशियापर्यंत येत होता. त्यामुळेच काही बातम्यांत मुंबईचंही नाव आलं. पुढच्या आठवड्याभरात शक्यता जवळजवळ शून्यावर उतरली आणि विषय संपला.

ज्यांनी ही बातमी वरवर वाचली, त्यांच्या मनात एकच गोष्ट उरली: शास्त्रज्ञ उगाच घाबरवतात आणि नंतर शब्द फिरवतात. हा समज आधी दूर करायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. त्या तीन आठवड्यांत कुणाचंही काही चुकलेलं नव्हतं. आकडा चढणं आणि मग एकदम कोसळणं, हीच या गणिताची नेहमीची चाल आहे.

लघुग्रह सापडतो कसा ते पाहू. दुर्बीण आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने तीन-चार फोटो घेते. तारे जागच्या जागी राहतात आणि एखादा ठिपका मात्र किंचित सरकलेला दिसतो. तो ठिपका आधीच माहीत असलेला नसेल, तर त्याच्या जागेची नोंद अमेरिकेतल्या केंब्रिज शहरातल्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे जाते आणि मग जगभरच्या दुर्बिणी त्याच्या मागे लागतात. वायआर४ अशाच पद्धतीने चिलीतल्या 'ॲटलस' दुर्बिणीला २७ डिसेंबर २०२४ रोजी सापडला. तोवर त्या फेरीत पृथ्वीच्या सर्वांत जवळून तो निघूनही गेला होता, दोन दिवसांपूर्वी, २५ तारखेला. म्हणजे तो दिसला तेव्हा लांब चालला होता आणि दिवसेंदिवस अंधूक होत होता.

आता अडचण अशी की काही दिवसांच्या निरीक्षणातून एकच एक कक्षा काढता येत नाही. दुर्बिणीच्या मोजमापात बारीकशी अनिश्चितता असतेच, तिच्यात बसणाऱ्या हजारो कक्षा निघतात. त्या सगळ्या आठ वर्षं पुढे नेल्या की २०३२च्या त्या दिवशी लघुग्रह नेमका कुठे असेल याचा एक लांबच लांब पट्टा तयार होतो, लाखो किलोमीटरचा. त्या पट्ट्यात पृथ्वी एका जागी बसलेली असते. पट्ट्याचा जेवढा हिस्सा पृथ्वी व्यापते, साधारण तेवढी टक्केवारी. नवं निरीक्षण आलं की पट्टा आखूड होतो, पृथ्वी मात्र तेवढीच राहते, म्हणून तिचा हिस्सा वाढत जातो. चाळीत चोरी झाली आणि संशय तीस जणांवर असला, तर एकेक जण सुटत गेल्यावर उरलेल्या प्रत्येकावरचा संशय आपोआप वाढतो; त्यात त्याच्याविरुद्ध नवा पुरावा मिळालेला नसतो. मग एक दिवस त्याचाही खुलासा होतो आणि संशय एका झटक्यात नाहीसा होतो. वायआर४चं हेच झालं. २००४च्या डिसेंबरमध्ये अपोफिस नावाच्या लघुग्रहाची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत चढली होती आणि तीही अशीच उतरली.

पण चढता आकडा प्रत्येक वेळी उतरेलच असं नाही. पृथ्वी खरोखरच वाटेत असेल, तर तोच आकडा पाच, वीस, साठ, नव्वद असा चढत राहील. सुरुवातीचे आठवडे दोन्ही प्रसंगांत सारखेच दिसतील.

धडक बसते म्हणजे काय होतं

याचं उत्तर महाराष्ट्रात पाहायला मिळतं. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. सह्याद्रीच्या घाटांत फिरलेल्या माणसाला दख्खनच्या काळ्या पाषाणाचे आडवे थर सवयीचे असतात, एकावर एक रचलेले, पट्टीने आखल्यासारखे सपाट. लोणारच्या काठावर हेच थर वर उचलले गेले आहेत आणि बाहेरच्या बाजूला कललेत. खालून वर आणि आतून बाहेर जबर धक्का बसल्याशिवाय बसाल्टचा जाड थर असा वाकत नाही. हे विवर ज्वालामुखीचं की अशनीचं हा वाद बराच काळ चालला. १९७०च्या दशकात विवराच्या तळाखालच्या खडकांत प्रचंड आघातानेच तयार होणारी काच सापडली आणि तो मिटला. बसाल्टमध्ये एवढं चांगलं टिकलेलं आघात-विवर जगात दुर्मीळ आहे, म्हणून चंद्र आणि मंगळाचा अभ्यास करणारेही लोणारला येतात. त्याच्या वयाबद्दल मात्र अजून एकमत नाही. एका पद्धतीने सुमारे ५० हजार वर्षं येतात, दुसरीने सुमारे पावणेसहा लाख.

लोणारला गेलेले बहुतेकजण दैत्यसूदनाचं मंदिर आणि तळ्याचं खारं पाणी पाहून परततात. २०२०च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं तेव्हा त्याची खूप चर्चा झाली. माझी विनंती एवढीच, की पुढच्या वेळी काठावर थांबून ते कललेले थर जरूर बघा. ते विवर पाडणारा दगड विवराच्या मानाने फारच लहान, शंभर मीटरच्या आसपासचा असावा. बाकीचं काम वेगाने केलं. असे दगड सेकंदाला १५ ते २० किलोमीटर वेगाने येतात आणि वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते.

लोणारचा काळ आपल्याला माहीत नाही, म्हणून आपल्या हयातीतलं उदाहरण घेऊ. १५ फेब्रुवारी २०१३, रशियातलं चेल्याबिन्स्क शहर, सकाळचे सव्वानऊ वाजून गेलेले. सुमारे १९ मीटरचा एक दगड, म्हणजे सहा मजली इमारतीएवढा, सेकंदाला १९ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरला आणि ३० किलोमीटर उंचीवर फुटला. हिरोशिमाच्या बॉम्बच्या सुमारे तीसपट ऊर्जा त्या उंचीवर मोकळी झाली. आधी डोळे दिपवणारा लख्ख उजेड पडला. आवाज नाही. साहजिकच माणसं काय झालं ते बघायला खिडक्यांशी आली. हवेतून येणारा धक्का शहरात पोचायला दोन-अडीच मिनिटं लागली आणि तो पोचला तेव्हा खिडक्यांच्या काचा त्यांच्या अंगावर फुटल्या. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, त्यातले बहुतेक काचांनी. सात हजारांहून जास्त इमारतींचं नुकसान झालं. एका शाळेतल्या शिक्षिकेने उजेड पाहताच चौथीच्या ४४ मुलांना बाकांखाली लपायला लावलं. मुलांना खरचटलंही नाही, तिला मात्र काचांनी जखमा झाल्या. पुढे चेबार्कुल तळ्याच्या तळातून त्या दगडाचा अर्ध्या टनाहून जड तुकडा वर काढला गेला.

हा दगड कुणालाही आधी दिसला नव्हता. योगायोग असा की त्याच दिवशी जगभरचे खगोलशास्त्रज्ञ दुसऱ्याच एका लघुग्रहाकडे डोळे लावून बसले होते, जो पृथ्वीपासून सुमारे २७ हजार ७०० किलोमीटरवरून जाणार होता आणि ठरल्याप्रमाणे गेलाही. चेल्याबिन्स्कचा दगड मात्र सूर्याच्या दिशेने आला. दिवसा दुर्बिणी काही करू शकत नाहीत. सूर्याच्या बाजूने येणारं सगळं जमिनीवरच्या दुर्बिणींना अदृश्य असतं आणि ही त्रुटी दुर्बीण कितीही मोठी केली तरी जात नाही.

आकारानुसार बघायचं तर चेल्याबिन्स्कसारखी घटना काही दशकांतून एकदा घडते. ३० जून १९०८ रोजी सैबेरियात तुंगुस्काला जो फुटला तो ५०-६० मीटरचा असावा. त्याने दोन हजार चौरस किलोमीटरहून जास्त जंगल आडवं केलं. म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी जागा व्यापतात, तिच्या तिपटीहून अधिक. तसं काही शतकांतून किंवा हजारेक वर्षांतून एकदा होतं. १४० मीटरचा दगड साधारण २० हजार वर्षांतून एकदा येतो आणि तो लोकवस्तीवर पडला तर एखादं राज्य उद्ध्वस्त करू शकतो. एक किलोमीटरचा पाच-सात लाख वर्षांतून एकदा; त्याचे परिणाम साऱ्या जगाच्या शेतीवर होतील. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर संपवणारा दहा किलोमीटरचा होता. त्याची चिंता करायची गरज नाही, कारण एवढे मोठे कधीच सापडलेत आणि त्यातला एकही आपल्या वाटेवर नाही.

मग एवढ्या क्वचित घडणाऱ्या गोष्टीवर पैसा का घालायचा? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे पूर येतात, दरडी कोसळतात, उन्हाने माणसं मरतात आणि लघुग्रहाने माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद मिळत नाही. माझं उत्तर असं: किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे झाला, हजारो माणसं झोपेत गेली. तो कुणी आधी सांगू शकलं नसतं आणि तसाच भूकंप उद्या होणार असेल तर आजही कुणी सांगू शकणार नाही. सांगता आला तरी थांबवता येणार नाही. मोठ्या नैसर्गिक संकटांत लघुग्रहाची धडक ही एकच अशी आहे, जिची तारीख आणि वेळ कित्येक वर्षं आधी काढता येते आणि जी घडूच न देणं आपल्या हातात आहे. हे आता नुसतं कागदावरचं गणित राहिलेलं नाही.

सात मिनिटांचा उशीर

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते आणि तिचा व्यास १२ हजार ७०० किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे स्वतःच्या रुंदीएवढं अंतर ती सात मिनिटांत कापते. लघुग्रहाची आणि पृथ्वीची गाठ ठरलेल्या जागी पडायची असेल, तर त्याला सात मिनिटं उशीर करायला लावला की काम झालं. तो पोचेल तेव्हा पृथ्वी पुढे गेलेली असेल. दगड फोडायची गरज नाही. बॉम्ब लावून त्याच्या ठिकऱ्या उडवण्याचं जे चित्र आपल्या डोक्यात बसलंय, ते सोडून द्यायला हवं.

आणि हा उशीर घडवायला लागणारा धक्का किती? दहा वर्षं आधी दिलात तर सेकंदाला एखाद-दोन सेंटिमीटरचा. मुंगीची चाल म्हणा. तेवढाच फरक दहा वर्षं साठत गेला की हजारो किलोमीटरचा होतो. हाच धक्का दोन महिने आधी द्यायचा झाला, तर तो साठ-सत्तरपट मोठा लागेल आणि तसा देणारं यान आज कुणापाशी नाही. या विषयात सगळं हाती असलेल्या वेळावर ठरतं आणि वेळ हातात येतो तो फक्त लवकर सापडल्याने.

नासाच्या 'डार्ट' मोहिमेने हे करून दाखवलं. २६ सप्टेंबर २०२२ रोजी पावणेसहाशे किलोंचं एक यान सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने डायमॉर्फस नावाच्या दीडशे-एकशेसाठ मीटरच्या दगडावर मुद्दाम आपटवलं. तो दगड डिडिमॉस नावाच्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो, म्हणून निवडला. सूर्याभोवतीच्या फेरीतला सूक्ष्म बदल मोजायला वर्षं गेली असती. इथे नुसतं प्रदक्षिणेचं घड्याळ बघायचं होतं. आधी एका फेरीला ११ तास ५५ मिनिटं लागत. ७३ सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी, असं आधीच ठरवलेलं होतं. फरक पडला तो ३३ मिनिटांचा. डायमॉर्फस आतून घट्ट खडक नव्हता, दगडगोट्यांचा सैल ढीग होता. धडकेनंतर त्यातून जो मलबा मागच्या दिशेने उसळला, त्या मलब्यानेच दगडाला पुढे जास्तीचा रेटा दिला, यानाच्या स्वतःच्या धक्क्यापेक्षाही मोठा. तरीही दगडाचा वेग बदलला तो सेकंदाला तीन मिलिमीटरहून कमी.

या एका यशावर निश्चिंत होऊ नये. पुढचा दगड सैल ढीग असेल की अखंड लोखंडाचा, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून युरोपीय अंतराळ संस्थेने ७ ऑक्टोबर २०२४ रोजी 'हेरा' हे यान त्याच जोडगोळीकडे सोडलं, धडकेनंतर नेमकं काय झालं त्याचा जागेवर पंचनामा करायला. २०२६च्या अखेरीस ते तिथे पोचायचं आहे.

पैसा कुठे अडतो

डार्टला सुमारे साडेबत्तीस कोटी डॉलर लागले, त्या वेळच्या भावाने २६०० कोटी रुपयांच्या आसपास. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या पहिल्या टप्प्याला यापेक्षा कितीतरी पट खर्च आला. नासाचं वर्षाचं अंदाजपत्रक सुमारे अडीच हजार कोटी डॉलरचं असतं आणि त्यातला एक टक्क्याच्या आसपासचा वाटा पृथ्वीच्या या संरक्षणाकडे जातो. म्हणजे रक्कम अफाट आहे म्हणून काम अडतं, असं म्हणता येत नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी.

१९९४च्या जुलैमध्ये एका धूमकेतूचे वीसेक तुकडे गुरूवर आदळले आणि गुरूच्या ढगांवर पृथ्वीएवढे काळे डाग पडलेले साऱ्या जगाने पाहिले. सरकारं जागी झाली ती तेव्हा. १९९८ मध्ये अमेरिकी संसदेने नासाला सांगितलं, एक किलोमीटरहून मोठे ९० टक्के लघुग्रह दहा वर्षांत शोधा. ते काम थोड्याशा उशिराने पार पडलं. २००५ मध्ये पुढचं फर्मान निघालं: १४० मीटरहून मोठे ९० टक्के शोधा, मुदत २०२०. कायदा झाला, पण त्याच्याबरोबर पैसे आले नाहीत. २००९ मध्ये या शोधासाठीची वार्षिक तरतूद होती ४० लाख डॉलर. २०१४ पर्यंत ती चार कोटींवर गेली, तरी त्या वर्षीच्या नासाच्या अंतर्गत तपासणी अहवालाने ताशेरे ओढले की सगळा कारभार एकच अधिकारी विस्कळीत स्वरूपात सांभाळतोय. २०२० उलटून गेलं. अशा लघुग्रहांची एकूण संख्या २५ हजारांच्या आसपास धरली जाते आणि त्यातले निम्मेही अजून सापडलेले नाहीत.

हे वाचून आधी राग येतो आणि मग त्यामागचं कारण कळतं. यातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट 'निओ सर्व्हेयर' या अंतराळ दुर्बिणीची आहे. ही दुर्बीण अवरक्त किरणांत बघते, म्हणजे दगडाची उष्णता टिपते. साध्या प्रकाशात लहान पण पांढुरका दगड आणि मोठा पण कोळशासारखा काळा दगड सारखेच दिसतात. काळे तर कितीदा दिसतच नाहीत. उन्हाने तापलेला काळा दगड मात्र अवरक्तात ठळक चमकतो आणि त्यावरून त्याचा खरा आकारही कळतो. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवर ती ठेवायची, म्हणजे सूर्याजवळचं आकाश तिला जमिनीवरच्या दुर्बिणींपेक्षा कितीतरी जास्त दिसेल. चेल्याबिन्स्कचा दगड ज्या बाजूने आला, त्या बाजूवर पहारा बसवायचा हा सर्वांत ठोस उपाय आहे.

याच कल्पनेचा प्रस्ताव, तेव्हा 'निओकॅम' या नावाने, एमी मेन्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ पासून पुन्हा पुन्हा दिला. दर खेपेला तो नासाच्या विज्ञान-मोहिमांच्या स्पर्धेत उतरायचा आणि दर खेपेला मागे पडायचा. कारण तिथे विचारला जाणारा प्रश्न एकच: यातून सूर्यमालेबद्दल नवं काय कळेल? या दुर्बिणीचं काम नवं काही उलगडण्याचं नाहीच, पहारा देण्याचं आहे. गावाला धरण हवंय आणि निधी मात्र साहित्य पुरस्काराच्या निकषांवर द्यायचा, असं ते झालं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीने स्पष्ट शिफारस केली की या दुर्बिणीला विज्ञान-मोहिमांशी स्पर्धा करायला लावू नका. त्यानंतर कुठे नासाने ती स्वतंत्रपणे हाती घेतली, तेव्हाचा अंदाज ५० ते ६० कोटी डॉलर. पण २०२२च्या मार्चमध्ये पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक आलं आणि जिथे १७ कोटी डॉलर अपेक्षित होते तिथे जेमतेम चार कोटी दिसले. पैसे दुसऱ्या मोहिमांकडे वळवले गेले होते. संसदेने नंतर थोडी भर घातली, तरी उड्डाण २०२६ वरून २०२८ वर गेलं आणि खर्चाचा अंदाज १२० कोटींवर. सगळी वाढ उशिराचीच आहे असं मी म्हणत नाही. पण जमलेले तंत्रज्ञ दोन वर्षं जास्त सांभाळावे लागले की त्याचा खर्च बिलात दिसतोच. सध्या ही दुर्बीण २०२७च्या सप्टेंबरनंतर उडवायचा बेत आहे.

जे संकट निवडणुकीच्या पाच वर्षांत येण्याची शक्यता नगण्य, त्याची तरतूद कापली तर कुणी रस्त्यावर उतरत नाही. संशोधन खात्याला ते संरक्षणाचं काम वाटतं, संरक्षण खात्याला संशोधनाचं, आपत्ती व्यवस्थापनाला दोन्हींपैकी कुणाचं तरी. म्हणून मोठ्या घोषणेपेक्षा दरवर्षी न चुकता मिळणारी मध्यम रक्कम इथे जास्त मोलाची. शोधकाम रोज रात्री चालावं लागतं. एक वर्ष दुर्बीण बंद राहिली तर त्या वर्षी जवळून गेलेले दगड पुढची कित्येक वर्षं परत फिरकत नाहीत. प्युर्तो रिकोतली अरेसिबोची अजस्र रडार-दुर्बीण १ डिसेंबर २०२० रोजी कोसळली. लघुग्रहांची अचूक कक्षा आणि आकार काढण्यात तिचा हात धरणारं दुसरं यंत्र नव्हतं आणि तिच्या जागी नवीन उभं राहिलेलं नाही.

उत्साह वाटावा अशीही एक बातमी आहे. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने २०२५च्या जूनमध्ये पहिली छायाचित्रं प्रसिद्ध केली, तेव्हा सुमारे दहा तासांच्या निरीक्षणांत तिने दोन हजारांहून जास्त नवे लघुग्रह टिपले होते. त्यातले सात पृथ्वीजवळचे होते.

आणि आपण?

लघुग्रह ढकलायची वेळ आली तर आणखी एक पेच समोर येईल. धक्का कमी पडला, तर आदळण्याची जागा जोखमीच्या पट्ट्यावरून फक्त सरकेल, एका देशातून दुसऱ्या देशात. वायआर४चा पट्टा आठवा: कोलंबियाच्या बाजूला सरकवायचा की आपल्या? हा निर्णय ज्याच्याकडे यान आहे त्याने एकट्याने घ्यावा, हे कुणालाच परवडणारं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २०१४ पासून दोन गट काम करतात, एक धोक्याची सूचना देणारा आणि दुसरा मोहिमांचा विचार करणारा. पण सल्ला देण्यापलीकडे त्यांना अधिकार नाहीत. चर्चेत ज्याच्याकडे स्वतःची निरीक्षणं आणि स्वतःची गणितं असतील, त्याच्याच शब्दाला वजन राहील.

भारताकडे त्याची सुरुवात आहे. १६ ऑगस्ट २०२० रोजी मोटारीएवढा एक लघुग्रह हिंदी महासागरावरून फक्त २९५० किलोमीटर उंचीवरून गेला. न आदळता इतक्या जवळून गेलेला त्याआधीचा कुठलाही लघुग्रह नोंदलेला नव्हता. कॅलिफोर्नियातल्या एका दुर्बिणीच्या छायाचित्रांमधून त्याची रेघ शोधून काढणाऱ्यांत आयआयटी मुंबईचे विद्यार्थी होते. ती सापडली तोवर लघुग्रह पृथ्वीजवळून जाऊन सहा तास झाले होते. तोही सूर्याच्याच दिशेने आला होता. लडाखमध्ये हानले इथे साडेचार हजार मीटर उंचीवर आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय ताराभौतिकी संस्था मिळून ७० सेंटिमीटरची 'ग्रोथ-इंडिया' दुर्बीण चालवतात. ती जवळून जाणाऱ्या लघुग्रहांचाही माग घेते, पण तिच्याकडे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांपासून इतर पुष्कळ कामं आहेत.

आता नकाशा समोर घ्या. लघुग्रह शोधणाऱ्या मोठ्या यंत्रणा हवाई, ॲरिझोना आणि चिलीत आहेत. तिथे दिवस उजाडलेला असतो तेव्हा हानलेवर रात्र असते. छोटे दगड आदळण्याआधी जेमतेम एखादा दिवस दिसतात. २००८ मध्ये सुदानच्या वाळवंटात पडलेला, अवकाशात असतानाच सापडलेला पहिला दगड पडण्याआधी २० तास दिसला होता. अशा वेळी पृथ्वीच्या आपल्या बाजूला पहारा नसणं म्हणजे हाताशी असलेल्या तासांतले निम्मे घालवणं. फक्त लघुग्रह शोधण्याचं काम करणारी एखादी रुंद नजरेची दुर्बीण हानलेला उभी करायला चांद्रमोहिमेएवढा खर्च येणार नाही. चांद्रयान-३ला सुमारे ६१५ कोटी लागले होते, आणि तो पैसा सार्थकी लागला असंच मीही म्हणेन.

१४ एप्रिल २०२९ला, बाबासाहेबांच्या जयंतीच्या पहाटे, भारतीय वेळेप्रमाणे सव्वातीनच्या सुमाराला अपोफिस पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. आपल्या दूरसंचार उपग्रहांपेक्षाही जवळून. तो आदळणार नाही. पुढची शंभर वर्षं तरी त्याच्यापासून धोका नाही, हे २०२१च्या रडार निरीक्षणांनी पक्कं झालंय. पण साडेतीनशे मीटरचा दगड इतक्या जवळून जाण्याचा योग हजारो वर्षांतून एखादा, आणि पृथ्वीच्या ओढीने त्याच्या पृष्ठभागावर, त्याच्या फिरण्यावर काय परिणाम होतो हे प्रत्यक्ष मोजता येणार आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२९ हे वर्ष याच विषयाला वाहिलंय. युरोप 'रामसेस' नावाचं यान तिकडे पाठवायच्या तयारीत आहे. त्या गाठीआधी पोचायचं तर उड्डाण २०२८ मध्येच व्हायला हवं. इस्रोच्या प्रमुखांनी २०२४ मध्ये या विषयात भारतानेही उतरायला हवं असं जाहीरपणे म्हटलं होतं. स्वतंत्र यानाला आता उशीर झाला असला, तरी दुसऱ्याच्या यानावर आपलं एखादं उपकरण किंवा जमिनीवरून निरीक्षणांची पक्की मोहीम, एवढं अजून जमण्यासारखं आहे. त्यासाठी पैशाचा निर्णय येत्या एक-दोन अर्थसंकल्पांतच व्हावा लागेल.